बी-१७ च्या ताफ्याचा बचाव: आधी जागा, मग नेम, शेवटी चाप

सिम्युलेटरवर दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकेच्या आठव्या एअर फोर्सच्या मोहिमा उडवणारे बहुतेक जण बंदुकांपासून सुरुवात करतात. बी-१७ या चार इंजिनांच्या बॉम्बरच्या जी मॉडेलवर १२.७ मिमीच्या तेरा ब्राउनिंग बंदुका, मग भ्यायचं कशाला? १९४३ साली हा भरवसा फार महागात पडला. १७ ऑगस्टला जर्मनीतल्या श्वाइनफुर्ट आणि रेगेन्सबुर्गवर ३७६ बी-१७ निघाली, ६० पडली. १४ ऑक्टोबरला पुन्हा श्वाइनफुर्ट, २९१ निघाली, पुन्हा ६० पडली. तेव्हाच्या, जी च्या आधीच्या एफ मॉडेलवर बंदुका थोड्या कमी होत्या, पण दोन बंदुका जास्त असत्या म्हणून निकाल पालटला नसता.

जागा

ताफ्याचा पाया तीन विमानांचा त्रिकोण. दोन त्रिकोण म्हणजे सहा विमानांची स्क्वाड्रन, आणि अशा तीन स्क्वाड्रन म्हणजे १८ विमानांचा ‘कॉम्बॅट बॉक्स’. मधली स्क्वाड्रन नेतृत्व करते, एक तिच्या एका बाजूला वर, दुसरी विरुद्ध बाजूला खाली. ही मांडणी ३०५ व्या बॉम्बर ग्रुपचे प्रमुख कर्टिस लमे यांनी १९४२ च्या अखेरीस घडवली. तिचा हेतू एवढाच, की कुणाच्या बंदुकीपुढे आपलंच विमान येऊ नये आणि खालच्यांचे वरचे टरेट (फिरते बंदूक-मनोरे) व वरच्यांचे पोटाखालचे बॉल टरेट एकाच हवेवर रोखलेले असावेत. एकट्या बी-१७ वर शत्रू मनासारखी बाजू निवडतो. बॉक्सवर चढाई करताना त्याला प्रत्येक बाजूने दहा-वीस नळ्या दिसतात.

बॉक्स मोडतो तो बहुतेक वेळा शत्रूमुळे नव्हे, पुढच्याच्या घाईमुळे. म्होरक्याने इंडिकेटेड वेग (काट्यावर दिसणारा, उंचीवर खऱ्यापेक्षा कमी भरणारा) ताशी १५०-१५५ मैलांवर ठेवायचा. त्याने इंजिनांची सगळी ताकद वापरली, तर मागच्याकडे अंतर भरून काढायला काहीच उरत नाही. वळणही लांबलचक हवं. तीव्र वळणात बाहेरच्या कडेचा मागे पडतो आणि आतल्या कडेचा वेग कमी करता करता स्टॉलच्या, म्हणजे पंखांची उचल सुटण्याच्या, उंबरठ्यावर येतो. बाजूच्या वैमानिकाने थ्रॉटल मोठ्या झटक्यांनी मागेपुढे करू नये, कारण ते झटके शेवटच्या विमानापर्यंत पोचेतो दुप्पट होतात.

शेजारचं विमान पडलं की मागच्याने लगेच ती फट बुजवायची. चढाई होत असताना एकट्याने गोता मारून निसटायचा मोह आवरा. त्याने फक्त तुमची जागा रिकामी होते. खालच्या स्क्वाड्रनच्या बाहेरच्या कोपऱ्याला वैमानिक ‘पर्पल हार्ट कॉर्नर’ म्हणत. जखमींना मिळणाऱ्या पदकाचं हे नाव तिथे का चिकटलं, ते सांगायला नको. मोहीम तुम्हीच आखत असाल तर नवखं विमान तिथे ठेवू नका.

हाक

दिशा घड्याळाच्या आकड्यांनी सांगायची: नाक बारा, शेपूट सहा, जोडीला ‘वर’, ‘खाली’ किंवा ‘समपातळीत’. आधी दिशा, मग उंची, मग संख्या. दूरवर समांतर चाललेली वीस विमानं एकदा सांगून सोडून द्या. नाक तुमच्याकडे वळवलेलं एक विमान त्याहून महत्त्वाचं. दोघे एकदम बोलले की इंटरकॉमवर काहीच कळत नाही.

नेम

सगळ्यात जास्त काडतुसं इथे वाया जातात. पक्ष्यांच्या शिकारीत नेम पुढे धरतात, म्हणून नवा गनर हल्लेखोराच्या पुढे मारतो. बॉम्बरमधून ते साफ चुकतं. तुमच्यावर चालून येणाऱ्या विमानासाठी नेम नेहमी त्या विमानाच्या आणि तुमच्या स्वतःच्या शेपटीच्या मध्ये धरायचा.

कारण साधं आहे. ७,६०० मीटर उंचीवर तुमचा खरा वेग सेकंदाला सुमारे १०० मीटर असतो आणि नळीतून सुटलेली गोळी तो वेग सोबत घेऊन निघते. तीन वाजता, ४०० मीटरवर असलेल्या विमानापर्यंत पोचायला तिला सुमारे अर्धा सेकंद लागतो. तेवढ्यात ती ५० मीटर पुढे वाहते. हल्लेखोराचं नाक तुमच्याकडे असतं, म्हणून तो स्वतः पुढे फारसा सरकत नाही, धरा दहाएक मीटर. उरलेले ४० मीटर तुम्हाला मागे धरावे लागतात. ४०० मीटरवर हे १०० मिल होतात (एक मिल म्हणजे हजार मीटरवर एक मीटर दिसेल एवढा कोन). रिंग साइटच्या, म्हणजे बंदुकीवरच्या नेम धरायच्या कडीच्या, वर्तुळाची त्रिज्या ३५ मिल धरली, तर सुमारे तीन त्रिज्या.

त्यावरून कामाचा नियम असा: अगदी बाजूने, तीन किंवा नऊ वाजता, तीन त्रिज्या. नाकापासून किंवा शेपटीपासून ४५ अंशांवर दोन. त्याच्या निम्म्या कोनावर एक. नेमक्या बारा किंवा सहा वाजता शून्य. शत्रूचा कोन चढाईत बदलत जातो, तसं अंतर कमी-जास्त करत राहायचं. तो शेजारच्या विमानावर जात असेल तर मात्र हा नियम लागू नाही. तिथे त्याची खरी चाल पाहून पुढे मारावं लागतं, आणि ते बरंच अवघड आहे.

अंतर पंखांवरून ओळखा. जर्मन लढाऊ विमान एफडब्ल्यू-१९० च्या पंखांची रुंदी १०.५ मीटर. ३०० मीटरवर ते अर्धं वर्तुळ व्यापतात, ५५० मीटरवर पाव भागाहून किंचित जास्त. त्याहून लहान दिसत असेल तर चापावरचं बोट काढा. ट्रेसरवर (उजळत जाणाऱ्या गोळीवर) भिस्त ठेवू नका. दुरून प्रत्येक ट्रेसर शत्रूच्या अंगात घुसल्यासारखा वाटतो.

५५० मीटरच्या या नियमाला अपवाद समोरून येणाऱ्याचा. मागून येणारा सेकंदाला ४०-५० मीटरने जवळ येतो, म्हणजे शेपटीच्या गनरला दहाएक सेकंद मिळतात. समोरून दोघांचे वेग मिळून २६० मीटर होतात, आणि ५५० पासून १०० मीटरपर्यंत दोन सेकंदही लागत नाहीत. जर्मन लढाऊ वैमानिक एगॉन मायर यांनी नोव्हेंबर १९४२ मध्ये फ्रान्समधल्या सँ-नाझेरवर समोरून हल्ला चढवला तो हे ओळखूनच. बी-१७एफ च्या नाकात हाताने फिरवायच्या मोजक्याच बंदुका होत्या. जी मॉडेलला हनुवटीखाली दोन बंदुकांचा टरेट आला तो यासाठी. समोरचा हल्ला दिसला की टरेट आधीच त्या रेषेवर आणून ठेवा आणि ९०० मीटरवरच मारा सुरू करा.

काडतुसं आणि थंडी

एम२, म्हणजे हीच ब्राउनिंग, मिनिटाला ७५०-८५० गोळ्या ओकते. ५०० चा पट्टा ४० सेकंदांत संपतो. एका वेळी दहा ते वीस गोळ्या, मग थांबा, नेम पुन्हा लावा. चाप दाबून धरला की नळी तापते, गोळ्या पसरतात आणि पुढे बंदूक अडकते.

त्या उंचीवर तापमान उणे ४० च्या खाली जातं. बंदुकीत जास्त तेल राहिलं तर ते घट्ट होऊन बोल्ट सुस्तावतो, म्हणून भाग जवळजवळ कोरडे पुसायचे. अडकलेली बंदूक उघड्या हाताने सोडवू नये. कातडी धातूला चिकटते. ऑक्सिजन मास्कच्या नळीत श्वासाची वाफ गोठते, म्हणून दर दहा-पंधरा मिनिटांनी प्रत्येकाला नावाने हाक मारून उत्तर घ्या. मास्क बंद पडला तर शुद्ध काही मिनिटंच टिकते, आणि माणसाला स्वतःला ते जाणवतही नाही.

सोबतीची लढाऊ विमानं

एक बी-१७ पाडायला जर्मनांना वीसेक २० मिमी गोळे लागत, ३० मिमीचे तीन-चार पुरत. २१ सेंटिमीटरचे रॉकेट तर गनरच्या टप्प्याबाहेरूनच सोडता येत. त्यावर बॉक्सपाशी उत्तर नव्हतं. बी-१७ वरच बंदुका वाढवून वायबी-४० काढून पाहिलं, पण बॉम्ब टाकून हलक्या झालेल्या ताफ्याबरोबर ते उडू शकेना. इंधनाच्या जास्तीच्या टाक्या लावलेली पी-४७, पी-३८ आणि पी-५१ ही अमेरिकी लढाऊ विमानं हाच उपाय ठरला. जानेवारी १९४४ मध्ये आठव्या एअर फोर्सचे नवे प्रमुख डूलिटल यांनी त्यांना ताफ्याला चिकटून राहण्याच्या बंधनातून मोकळं केलं, तेव्हा ती पुढे जाऊन शत्रूला जुळवाजुळव करतानाच गाठू लागली.

सोबत टप्प्याटप्प्याने आखा: जाताना एक गट, लक्ष्यावर दुसरा, परतताना तिसरा. लढाऊ विमानं बॉम्बरच्या वेगाने उडत नाहीत, वर नागमोडी फिरत राहतात आणि तेवढं इंधन जाळतात. ताफा भेटीच्या जागी दहा मिनिटं उशिरा पोचला, तर पुढच्या टप्प्यातली दहा मिनिटं उघड्यावर काढावी लागतात.

एक इंजिन गेलेलं विमान मागे पडू लागलं तर बॉम्ब आधी टाका, पण खाली आपलं विमान नाही ना ते बघून. मग सुटं सामान फेका आणि जवळच्या दुसऱ्या बॉक्सच्या पोटाखाली शिरायचा प्रयत्न करा. तेही जमलं नाही तर ढग शोधा. काडतुसं फेकायची वेळ आली तर शेपटीची शेवटी.