उबंटू बदलल्यावर पोस्टग्रेसमध्ये नाव असूनही सापडेना: माझा अनुभव

जळगावच्या सर्व्हरवर पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये रावेर-यावलच्या केळी खरेदीचा हिशेब चालतो. सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम उबंटू १८.०४ वरून २०.०४ केली आणि काही शेतकऱ्यांची नावं शोधात येईनाशी झाली. पूर्ण यादीत नाव दिसायचं, नेमकं टाकलं की शून्य ओळी. युनिक बंधन (एक नाव एकदाच) असूनही तेच नाव दुसऱ्यांदा भरलं गेलं. केळीच्या गाड्या भरायच्या वेळी हे, जीव मेटाकुटीला आला.

रीस्टार्ट, व्हॅक्यूम अ‍ॅनालाइझ (टेबलांची साफसफाई), कशानेच फरक नाही. 'ऱ्या' युनिकोडमध्ये दोन प्रकारे टंकला जातो म्हणून बाइट तपासले, सारखेच निघाले.

कारण उबंटूसोबत येणाऱ्या जीलिबसी या मूळ लायब्ररीमध्ये होतं. आवृत्ती २.२८ पासून मजकुराचा क्रम लावायचे नियम बदललेत. इंडेक्स (झटपट शोधासाठीची सूची) जुन्या क्रमाने बांधलेला, शोध नव्या क्रमाने. खात्रीसाठी एकाच सत्रात इंडेक्सस्कॅन, इंडेक्सओन्लीस्कॅन आणि बिटमॅपस्कॅन ऑफ करून, म्हणजे इंडेक्स न वापरता, तीच क्वेरी चालवा. नाव सापडलं तर दुखणं हेच.

आधी अ‍ॅप बंद करा, पीजी-डंपने बॅकअप घ्या. मग तिन्ही स्कॅन ऑफ ठेवूनच ग्रुप बाय लावून दुबार नावं काढा. दुबार खात्याची बिलं मूळ खात्यावर वळवा, त्यानंतरच दुबार ओळ पुसा. ही पायरी गाळू नका, दुबार ओळी राहिल्या तर युनिक इंडेक्स बांधताना रीइंडेक्स (इंडेक्स नव्याने बांधणं) अडतं. आता रीइंडेक्स डेटाबेस. पोस्टग्रेस १५ किंवा पुढचं असेल तर शेवटी ऑल्टर डेटाबेस, रिफ्रेश कोलेशन व्हर्जन (कोलेशन म्हणजे क्रमाचे नियम). त्याआधी नको, कारण तो फक्त कोलेशनची आवृत्ती जुळत नसल्याचा इशारा मिटवतो, इंडेक्स दुरुस्त करत नाही. आमचं १३ होतं, त्यात मूळ कोलेशनसाठी इशाराच येत नाही.