कोकणात कयाक-बोट घेऊन जाताय? मार्च ते मे मधल्या या चुका टाळा

होळी जवळ आली की पुण्यातल्या ग्रुप्सवर तेच ते प्लॅन सुरू होतात. शनिवारी पहाटे पाचला चांदणी चौक, ताम्हिणीत मिसळ, साडेदहा-अकराला बीच, चेक-इन करून बाराच्या सुमाराला कयाक पाण्यात. हे वाचलं की मला धडकीच भरते, कारण या दिवसांतल्या समुद्रासाठी याच्यापेक्षा वाईट टाईमटेबल बनवताच येणार नाही. पवना-पानशेतच्या धरणावर असं चालून जातं, समुद्रावर नाही चालत.

मार्चपासून मेच्या मध्यापर्यंत कोकण किनाऱ्यावरचा दिवस बऱ्यापैकी ठरलेला असतो. रात्री जमीन गार होते, पहाटे जमिनीवरून समुद्राकडे हलका मतलई वारा असतो, आठ-नऊला तो पडतो आणि मग थोडा वेळ पाणी एकदम सपाट. अकराच्या पुढे जमीन तापली की समुद्रावरून खारा वारा सुरू होतो, आपल्याकडे तो बहुतेक वायव्येकडून येतो, आणि दुपारी दोन ते पाच त्याचा जोर असतो. सूर्य कलला की हळूहळू ओसरतो. हे वादळ वगैरे काही नाही, आकाश निळंशार असतानाचं रोजचं गणित आहे. म्हणजे पुणेकर गाडीतून उतरतो तेव्हा समुद्राची चांगली वेळ संपलेली असते. मी बघितलेल्या बहुतेक फजित्या यातूनच निघाल्यात.

जाताना वारा पाठीवर घेणं

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते, म्हणून सविस्तर सांगतो.

एका एप्रिलमध्ये आम्ही दापोलीजवळ कर्द्याला मित्राच्या घरी होतो. सकाळचं पॅडलिंग उरकून, जेवून ओटीवर बसलो होतो. समोरून दोन हवेच्या कयाक दक्षिणेकडे जाताना दिसल्या, तीन पोरं, सिंहगड रोडची निघाली नंतर. शेजारच्या मुरुडहून साडेबाराला निघालेली, लाडघरपर्यंत जाऊन परत यायचं असा प्लॅन. मित्राने किनाऱ्यावर पळत जाऊन हातवारे केले, त्यांनीपण खुशीत हात हलवले आणि गेली पुढे. मित्र तिथूनच वळला आणि शेजारच्या तांडेलकाकांना (तांडेल म्हणजे मासेमारी बोटीचा प्रमुख) उठवायला गेला, कारण पुढे काय होणार हे त्याला दिसत होतं.

वारा पाठीवर असताना तो जाणवतच नाही, यातच सगळी फसगत आहे. समजा वारा १४ नॉट (एक नॉट म्हणजे ताशी साधारण १.८५ किलोमीटर) आणि तुम्ही त्याच दिशेने ३ नॉटने चाललाय, तर अंगाला लागतो ११. गार वाटतं, वेग मस्त येतो, आपल्याला जमायला लागलं असं वाटतं. वळलात की तोच वारा १७ होऊन तोंडावर येतो. आणि वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे ११ चे १७ म्हणजे दीडपट वाटलं तरी अंगावर आणि बोटीवर येणारा जोर दुपटीहून जास्त असतो. त्यात हवेची कयाक पाण्यावर उंच तरंगते, खाली फिन, म्हणजे दिशा धरून ठेवणारं पातळ पातं, नसेल तर वारा तिचं नाक सारखं फिरवतो, दोन वल्ही पुढे मारा आणि तिसरं सरळ करायला खर्च करा. या पोरांनी फिन बॅगेतच ठेवली होती, वाळूत घासते म्हणून.

कर्दे आणि लाडघरच्या मध्ये किनारा खडकाळ आहे, तो ओलांडून ती वळली तेव्हा अडीच वाजून गेले होते. आम्ही काकांच्या फायबरच्या होडीतून पोचलो तोवर ती वल्ही मारमारून त्याच खडकांसमोर होती, फक्त आधीपेक्षा खडकांच्या जवळ, कारण वायव्येचा वारा दक्षिणेला ढकलतो तसा किनाऱ्याकडेही ढकलतो. तिघांत मिळून पाण्याची एक बाटली, ती रिकामी. एकाच्या तळहाताची साल निघालेली. फोन होता, पण ड्राय बॅगेत (पाणी न शिरणाऱ्या पिशवीत), बॅग सीटच्या मागे बांधलेली, आणि ती सोडायला वल्हं खाली ठेवलं की कयाक खडकाकडे जाणार, म्हणून कुणी फोन लावलाच नव्हता.

काकांनी दोर फेकला. पुढच्या पोराने तो कयाकच्या नाकावरच्या कडीत ओवून गाठ मारली, होडीने दोर ताणला आणि ती कडी चिकटवलेल्या पट्टीसकट उखडून आली. पीव्हीसीवर गोंदाचा पिवळट गोल डाग तेवढा राहिला. मग काका ओरडले, "अरे कडीला नको बाबा, पोटाखालनं घे दोर, पोटाखालनं!" पूर्ण कयाकभोवती दोर फिरवून बांधला तेव्हा कुठे ओढता आली. हे ध्यानात ठेवा, स्वस्त हवेच्या कयाकची कडी सामान अडकवायला असते, उन्हात गोंद मऊ पडतो, ओढून नेण्याचा भार ती घेत नाही.

माझी सवय साधी आहे. शुक्रवारी रात्री किंवा शनिवारी आरामात पोचायचं, मुक्काम करायचा, आणि दुसऱ्या दिवशी उजाडलं की पाण्यात. किनाऱ्याला धरून आधी उत्तरेकडे जायचं म्हणजे परतताना वारा उठलाच तरी पाठीवर मिळतो. साडेनऊला जिथे असेन तिथून मागे फिरायचं, अकराच्या आत कयाक वाळूवर. पहाटे मतलई असतो तेव्हा तो बाहेर ढकलतो, किनाऱ्याजवळ पाणी सपाट दिसतं म्हणून फसू नका, त्या वेळी लाटा फुटतात त्याच्या थोडंसंच बाहेर राहायचं. "पण मग दिवसभर काय करायचं" असं विचारणारे भेटतात. जेवा, झोपा, हर्णैला संध्याकाळी मासळीचा लिलाव बघा. समुद्रावर जास्त तास काढले म्हणजे जास्त शिकलो असं नसतं आणि ही घाई नवीन लोकांनी सोडलीच पाहिजे.

सुट्टी बघणं आणि तिथी न बघणं

कालनिर्णय भिंतीवर आहे, त्यात तिथी छापलेली आहे, तरी लोक फक्त लाल आकडे बघतात. आपल्या सुट्ट्या बघा जरा. होळी पौर्णिमेला, धुळवड दुसऱ्या दिवशी. पाडवा प्रतिपदेला, म्हणजे अमावास्येला लागून. हनुमान जयंती परत पौर्णिमा. सगळी उधाणाची पाणी, म्हणजे भरती-ओहोटीचा चढउतार मोठा. आणि मार्चच्या विषुवदिनाच्या आसपासची उधाणं वर्षातल्या मोठ्या उधाणांपैकी असतात.

आता कोकणातला जुना हिशोब लावा, तिथीला तीनने गुणा आणि चारने भागा, भरती साधारण किती वाजता ते निघतं. अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन, पौर्णिमेला सव्वाअकरा, प्रतिपदेला पाऊण. हा हिशोब ढोबळ आहे, मुंबईच्या दक्षिणेला जाल तशी भरती थोडी आधी येते, नेमक्या वेळेसाठी भरती-ओहोटीचा तक्ता बघायचाच. पण मुद्दा कळतो. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारच्या आसपास पूर्ण होते आणि मग पाणी उतरायला लागतं. सहा तासांत ते एकसारखं उतरत नाही, पहिल्या तासात बाराव्या भागाएवढं, आणि मधल्या दोन तासांत मिळून निम्मं. ते मधले दोन तास म्हणजे दुपारी दोन-अडीच ते साडेचार. वायव्येच्या वाऱ्याचा जोर केव्हा होता? तेव्हाच. कोकणात उधाणाच्या दिवशी ओहोटीची सगळ्यात जोराची ओढ आणि दिवसातला सगळ्यात जोराचा वारा असे एकाच वेळी येतात, दर पंधरवड्याला, आणि नेमकं त्याच वेळी लोक खाडीच्या तोंडाशी सेल्फी काढत फिरत असतात.

खाडीच्या तोंडाशी काय होतं ते उभं राहून बघा एकदा. केळशी, आंजर्ले, बाणकोट, दाभोळ, कुठेही. आतलं सगळं पाणी अरुंद तोंडातून बाहेर पडतंय आणि समोरून वारा आणि लाटा आत येतायत. लाटा आखूड होतात, उभ्या होतात, एकीच्या मागे लगेच दुसरी, आणि तोंडाशी वाळूचा दांडा असेल तर त्यावर फुटतात. बाहेर अर्ध्या मीटरची लाट असते तीच तिथे कयाक आडवी करते. आणि पाण्यात पडलात तर ओहोटी बाहेर नेते. आंजर्ल्याला मासेमारीच्या बोटीसुद्धा आत यायला भरतीची वाट बघतात, इंजिन असून, जन्म तिथे गेलेला असून. आपण दोन व्हिडिओ बघून त्यातून जातो म्हणायचं, हे मला पटतच नाही.

मी खाडीत चढत्या पाण्याबरोबर शिरतो आणि भरती पूर्ण होऊन पाणी थांबतं त्याच्या आसपास बाहेर येतो, तेही सकाळी जमत असेल तरच. सुट्टी निवडायची मुभा असेल तर रामनवमीच्या आसपास जा. अष्टमी-नवमीला भांगाचं पाणी असतं, चढउतार कमी, ओढ कमी. नवीन माणसाला घेऊन जायला असेच दिवस मी बघतो. आणि चढउतार सगळीकडे सारखा नसतो, मुंबईला उधाणाला चार-साडेचार मीटरच्या वर जातो, मालवणकडे साधारण त्याच्या निम्म्यावर येतो, त्यामुळे तारकर्लीचा अनुभव घेऊन कुणी अलिबागला शहाणपणा करू नये.

ॲपवरचा रंग बघून निघणं

विंडी हे वाऱ्याच्या अंदाजाचं ॲप उघडतात, निळा-हिरवा रंग दिसला की निघतात. एकतर त्यामागच्या हवामान मॉडेलच्या चौकटी काही किलोमीटरच्या असतात, काहींच्या वीस-पंचवीसच्या, तुमची छोटी खाडी आणि तिच्यामागची टेकडी त्यात नीट दिसतच नाही, दुपारचा खारा वारा बऱ्याचदा दाखवतात त्यापेक्षा जास्त निघतो. दुसरं, सकाळी आठचा आकडा बघून दुपारी निघतात. तासागणिक बघा, झोताचा (गस्टचा) आकडा वेगळा असतो तोही बघा. नवीन माणसासाठी माझी मर्यादा १० नॉट आहे, म्हणजे ताशी साधारण १८ किलोमीटर. लाटांच्या माथ्यावर जागोजागी पांढरा फेस दिसायला लागला की ती मर्यादा संपली, मग ॲप काहीही म्हणो.

लाटेची उंची १ मीटर लिहिलीय म्हणजे प्रत्येक लाट मीटरची असं नाही. तो आकडा सगळ्यात मोठ्या एकतृतीयांश लाटांची सरासरी असतो, अधूनमधून एखादी जवळजवळ दुप्पट येते.

आणि उंचीच्या शेजारी सेकंद लिहिलेले असतात, म्हणजे एका लाटेमागून दुसरी यायला लागणारा वेळ, ते कुणीच वाचत नाही. जवळच्या वाऱ्याच्या लाटा पाच-सात सेकंदांच्या असतात. एप्रिल-मेमध्ये कधीकधी तिथे १६-१८ सेकंद दिसतात. त्या लाटा पार दक्षिणेकडच्या महासागरातल्या वादळांतून निघून आठवडाभर प्रवास करून येतात. इथे वारा नाही, आकाश स्वच्छ, आणि उथळ पाण्यात आल्यावर त्या अचानक उंच होतात आणि किनाऱ्यावर लांबवर चढतात. केरळात याला कल्लक्कडल म्हणतात. मे २०२४ मध्ये याच लाटांचा इशारा होता, मुंबईलाही, आणि त्याच दिवसांत कन्याकुमारी जिल्ह्यात किनाऱ्यावर गेलेले पाच मेडिकलचे विद्यार्थी बुडाले. हैदराबादची इन्कॉइस ही समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था असे इशारे आधी देते, वेबसाईटवर फुकट असतात, हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशाराही रोज असतो. दोन्ही वाचायला पाच मिनिटं लागतात. १२ सेकंदांच्या वर आकडा दिसला तर मी नवीन लोकांना पाण्यात उतरवत नाही.

बाकीच्या थोडक्यात

लाईफ जॅकेट सीटखाली ठेवून निघणं. घालायचं, आणि मांड्यांतला पट्टा लावायचा, नाहीतर पाण्यात ते गळ्याशी येतं.

परदेशी व्हिडिओ बघून वेटसूट घेणं. ते लोक गार पाण्याबद्दल बोलत असतात. आपल्या समुद्राचं पाणी या दिवसांत २७ ते ३० अंश असतं, इथे माणूस उन्हाने आणि तहानेने पडतो. लांब बाह्यांचा पातळ टीशर्ट, टोपी, आणि माणशी निदान दोन लिटर पाणी.

हवेची कयाक उन्हात टम्म फुगवून जेवायला जाणं. हवा तापून शिवण सुटते. सावलीत ठेवा, पाण्यात उतरवल्यावर ती मऊ पडते, तेव्हा परत हवा भरा.

बिअर पिऊन. यावर मी काही लिहिणार नाही, अशा माणसाला मी बोटीत घेत नाही.

फोन ड्राय बॅगेत. छातीवर पाऊचमध्ये, वाजवायला शिट्टी त्याच्याच शेजारी.

वळीव आणि मे महिना

पुण्यात संध्याकाळी वळीव कोसळला की आपल्याला बरं वाटतं. घाटावर तेच ढग उभे राहिलेले असताना त्यांच्यातून खाली आलेली गार हवा कधीकधी कोकणात उतरते आणि दिवसभर पश्चिमेकडून असलेला वारा काही मिनिटांत पूर्वेचा होतो. पूर्वेचा वारा बोट समुद्रात नेतो. म्हणून एप्रिलच्या मध्यानंतर संध्याकाळी पाण्यात असताना पाठीमागे सह्याद्रीकडे बघत राहायचं. तिकडे काळं झालं, गडगडलं, किंवा वारा अचानक पडला तर लगेच किनारा गाठायचा, विजेची वाट बघायची नाही.

मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात तर मी जातच नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ १७ तारखेला मुंबईच्या जवळून गेलं, २०२० मध्ये निसर्ग ३ जूनला रायगड किनाऱ्यावर चढलं. मे २०२२ मध्ये तारकर्लीला स्कुबाहून परतणारी पर्यटकांची बोट उलटून दोन जण गेले. जलक्रीडा २६ मेपासून ३१ ऑगस्टपर्यंत बंद असतात आणि मासेमारी १ जूनपासून दोन महिने. काही लोक २५ मेचं बुकिंग स्वस्त मिळालं म्हणून आनंदाने सांगतात. ते स्वस्त का आहे ते तिथल्या एखाद्या तांडेलांना विचारा, काका आज पाणी कसंय, एवढंच. ते नको म्हणाले तर का म्हणून वाद घालू नका, गाडीत कयाक तशीच राहू द्या.

निघताना किनाऱ्यावरच्या कुणाला तरी, हॉटेलवाल्या ताईंना का होईना, कुठे जाताय आणि किती वाजता परत ते सांगून, नंबर देऊन जा. त्या वेळेच्या अर्ध्या तासात आला नाहीत तर १५५४ ला फोन करायला सांगा, तो कोस्ट गार्डचा शोध-बचावाचा नंबर आहे, नाही लागला तर ११२. कयाकचा रंग आणि किती जण तेही त्यांच्याकडे लिहून ठेवा, कारण फोनवर सगळ्यात आधी तेच विचारतात.