दाट प्लाझ्माची रिफ्लेक्टिव्हिटी काढताय? आधी टकरा मोजा

ठाणे-नेरुळकडच्या काही एमएस्सीवाल्या पोरांनी प्रोजेक्टसाठी हेच विचारलं, की दाट प्लाझ्मावर (इलेक्ट्रॉन आणि आयन सुटे झालेल्या वायूवर) लेझर टाकला तर किती प्रकाश परत येतो, म्हणजे त्याची रिफ्लेक्टिव्हिटी, ती कशी काढायची, म्हणून एकदाच लिहून टाकतो. साधा लॅपटॉप आणि पायथॉन पुरे.

कोड नंतर, आधी नंबर टाका. समजा इलेक्ट्रॉन डेन्सिटी १०^२२ प्रति घन सेंटिमीटर, तापमान ३०,००० केल्विन, लेझर १०६४ नॅनोमीटरचा. ह्या लेझरची क्रिटिकल डेन्सिटी (जिच्या वर लेझर प्लाझ्मात आत शिरू शकत नाही) साधारण १०^२१, म्हणजे आपण दहापट वर. आता डिबाय लांबी (जेवढ्या अंतरात एका चार्जचा प्रभाव झाकला जातो ती) काढा, ती येते १.२ अँगस्ट्रॉम, आणि कणांमधलं अंतर तिच्या दुपटीहून जास्त, म्हणजे डिबायच्या गोळ्यात धड एक कण मावत नाही! इथे टकरांसाठीचा स्पिट्झरचा फॉर्म्युला डोळे झाकून लावला तर त्यातला कुलंब लॉगरिदम हा गुणक चक्क निगेटिव्ह येतो आणि टकरांची (इलेक्ट्रॉन आयनांवर आपटण्याची) फ्रिक्वेन्सी पण निगेटिव्ह, कोड मात्र तक्रार न करता ग्राफ काढून देतो.

उपाय सोपाय, ली आणि मोर ह्यांनी १९८४ मध्ये वापरलेला: मीन फ्री पाथ (दोन टकरांमधलं सरासरी अंतर) आयनांमधल्या अंतरापेक्षा कमी होऊ द्यायचा नाही. संध्याकाळी ठाणे स्टेशनच्या पुलावर कितीही गर्दी असो, धक्का लागायला निदान शेजारच्या माणसापर्यंत तरी जावं लागतं ना, तसंच. ही मर्यादा लावली की टकरा सेकंदाला जास्तीत जास्त २×१०^१५ च्या आसपास येतात, आणि लेझरची अँग्युलर फ्रिक्वेन्सी आहे १.८×१०^१५. दोन्ही जवळजवळ सारख्या, सगळी गंमत इथेच आहे.

मग ड्रूड मॉडेल, म्हणजे मोकळे इलेक्ट्रॉन टकरा खात प्रकाशाला कसा प्रतिसाद देतात त्याचं मॉडेल. एप्सिलॉन (डायइलेक्ट्रिक फंक्शन) म्हणजे १ वजा एक अपूर्णांक, वर प्लाझ्मा फ्रिक्वेन्सीचा वर्ग, खाली ओमेगा गुणिले (ओमेगा अधिक आय गुणिले न्यू). ओमेगा ही लेझरची अँग्युलर फ्रिक्वेन्सी, न्यू ही टकरांची. त्याचं वर्गमूळ घ्या, फ्रेनेलच्या परावर्तनाच्या सूत्रात टाका. न्यू शून्य ठेवला तर रिफ्लेक्टिव्हिटी १०० टक्के, न्यू ओमेगाएवढा केला तर ५५ टक्केच! वर्गमूळाचा इमॅजिनरी भाग पॉझिटिव्ह घ्यायचा, नाहीतर उत्तर १०० च्या वर जातं.

पण खरा प्लाझ्मा धारदार कडेचा नसतो. रशियात झेनॉनमध्ये शॉक वेव्ह पाठवून १०६४, ६९४ आणि ५३२ नॅनोमीटरवर रिफ्लेक्टिव्हिटी मोजलीय, तिथे शॉक फ्रंटची (शॉक वेव्हच्या पुढच्या कडेची) जाडी हिशोबात घ्यावी लागते. त्यासाठी डेन्सिटी हळूहळू चढणारी धरा, वेव्हलेंग्थपेक्षा खूप पातळ थर पाडा आणि ट्रान्सफर मॅट्रिक्सने (एकेका थराचा मॅट्रिक्स गुणत) पुढे जा. टकरा कमी आणि फ्रंट रुंद, किंवा टकरा जास्त आणि फ्रंट धारदार, दोन्हींनी तोच आकडा येऊ शकतो, म्हणून एका वेव्हलेंग्थवर फिट जमला की नाचू नका, तेच पॅरामीटर ५३२ वरही चालतात का बघा, तिथे क्रिटिकल डेन्सिटी चौपट असते.

आणि थरांचा कोड तयार झाला की फ्रंटची जाडी शून्य करून चालवा, फ्रेनेलचा ५५ टक्के परत मिळाला तरच पुढे.