मूल व्हायोलिन शिकणार, वही तुम्ही धरा

पाच-सहा वर्षांच्या मुलाला व्हायोलिनचा क्लास लावलात, तर पहिले काही महिने वही घेऊन तुम्हीही तिथे बसा. गुरुजी आठवड्यातून एकदा अर्धा तास शिकवतात. उरलेले सहा दिवस घरी तुम्हीच असता. जपानच्या शिनिची सुझुकींनी रुजवलेल्या पद्धतीत तर आई किंवा बाबा आधी स्वतः थोडं वाजवायला शिकतात. तेवढं जमलं तर उत्तमच. गज, म्हणजे तारांवर फिरवायची ती काठी, सरळ ओढणं किती कठीण आहे हे एकदा हाताला कळलं, की ओरडणं आपोआप कमी होतं. माझं तरी झालं.

घरी एका वेळी एकच गोष्ट बघा. आज फक्त उजव्या हाताचा अंगठा: गजावर तो ताठ नको, किंचित वाकलेला हवा. सूर चुकला तरी आज त्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. दहा मिनिटं पुरे, पण रोज. शिकत असलेली धून सकाळी दप्तर भरताना नुसती लावून ठेवा, कानावर पडू दे.

‘पुढे होईल’ म्हणून मोठं वाद्य घेऊ नका. मुलाने डावा हात लांब केल्यावर व्हायोलिनचं गोल टोक तळहातात यावं आणि कोपर जरासं वाकलेलं राहावं. वाजवून झाल्यावर गज सैल करणं आणि गजाला लावलेल्या राळेची तारांखाली सांडलेली पूड पुसणं मुलाकडे सोपवा. खुंट्या मात्र सुरुवातीला तुम्हीच पिळा. ताडकन तार तुटली की मूल दचकतं आणि आठवडाभर वाद्याला हात लावत नाही.