स्वतः घर दुरुस्त करताना सल्ला कोणाकडून घ्यावा

घराच्या नूतनीकरणाचे काम स्वतः करायचे ठरवले, की चूक वेळीच दाखवून देणारे कोणी जवळ नसते. त्यामुळे कोणता प्रश्न कोणाला विचारायचा, हे कामाला हात घालण्यापूर्वीच ठरवावे. रंगकाम किंवा कपाटाची दारे बदलणे यांसारख्या, बिघडल्यास पुन्हा करता येणाऱ्या कामांसाठी अनुभवी कारागिराशी केलेली चर्चा पुरते.

भिंत पाडण्याचा प्रश्न मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरलाच विचारावा. भिंतीची जाडी पाहून किंवा ती ठोकून पाहून तिच्यावर भार आहे की नाही, हे खात्रीने सांगता येत नाही. विटांच्या भारवाहक बांधणीत वरच्या मजल्याचे वजन भिंतीच पेलतात. आरसीसी, म्हणजे सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या बांधकामात ते बीम (आडव्या तुळया) आणि कॉलम (उभे खांब) पेलत असले, तरी पाइपसाठी बीमला पाडलेले भोक आतल्या सळ्या कापू शकते. खोल्यांची मांडणी, उजेड आणि वारा यांचा विचार आर्किटेक्ट चांगला करतो, पण भाराची आकडेमोड इंजिनिअरकडूनच करून घ्यावी. भिंतीला तिरकी किंवा पायऱ्यापायऱ्यांनी गेलेली भेग असेल, तर तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहावी, कारण भेग वाढते आहे की स्थिर आहे, हे इंजिनिअरला कळणे आवश्यक असते.

ओलीच्या बाबतीत रसायन विकणाऱ्याचा सल्ला अंतिम मानू नये. गळका पाइप, जमिनीतून वर चढणारी ओल आणि थंड भिंतीवर साचणारी वाफ यांचे डाग वरवर सारखे दिसू शकतात, पण तिन्हींचे उपाय वेगळे आहेत आणि विक्रेत्याकडे बहुधा एकच डबा असतो. म्हणून तपासणीचे शुल्क घेणारा, पण पुढचे काम मिळण्याची अपेक्षा नसलेला तज्ज्ञ शोधावा. तो महाग वाटला तरी स्वस्त पडतो.

जुन्या घरातील रंगात शिसे आणि पत्र्यांत किंवा लाद्यांत अॅस्बेस्टॉस (श्वासातून गेल्यास घातक ठरणारे तंतुमय खनिज) असू शकते, त्यामुळे घासकाम किंवा तोडफोड करण्यापूर्वी नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. अॅस्बेस्टॉसचा संशय असल्यास तो नमुनाही जाणकारानेच काढावा. वीज आणि गॅसची जोडणी परवानाधारकाकडेच सोपवावी.

सल्ला घेताना मोजमापांसह आराखडा आणि छायाचित्रे सोबत न्यावीत, काम आपण स्वतः करणार आहोत हे स्पष्ट सांगावे आणि उत्तर लेखी मागावे. दोन तज्ज्ञांची मते जुळत नसतील, तर दोघांनाही कारण विचारावे. ज्याला ते समजेल अशा शब्दांत सांगता येत नाही, त्याच्या भरवशावर हातोडा उचलू नये. शेवटी, कोणत्या टप्प्यावर तज्ज्ञाला तपासणीसाठी पुन्हा यावे लागेल, हे त्याच भेटीत ठरवून घ्यावे: नळाच्या पाइपांची दाबचाचणी आणि न्हाणीघरात पाणी साठवून घ्यायची गळतीची चाचणी लाद्या बसवण्यापूर्वी, तर वायरिंगची पाहणी गिलावा चढण्यापूर्वी व्हायला हवी.