यवतमाळकडे कामाला येताय? आधी कंट्रोल बघा

किनवट-माहूरकडून पैनगंगा ओलांडून यवतमाळच्या खेड्यांत कामाला येणाऱ्यांनो, मीही असाच आलो आणि इथलाच झालो. म्हणून सांगतो, खोलीच्याही आधी कंट्रोलचं, म्हणजे रेशनचं दुकान शोधा. रेशन कार्ड गावाकडचं असलं तरी चालतं. कार्डाचा बारा अंकी नंबर आणि अंगठा जुळला की इथं धान्य उचलता येतं. प्राधान्य कार्डावर माणशी ५ किलो, अंत्योदयला घरामागं ३५. २०२३ पासून त्याचे पैसे लागत नाहीत. दुकानदारानं टोलवलं तर तहसीलची पुरवठा शाखा गाठा.

पहिल्याच आठवड्यात पारावर ऐकाल, "फुकटचा गहू खाऊन मजूर माजले, वावरात येत नाई आता." भांडू नका, दबूही नका. बोलणाऱ्याच्या खात्यात पीएम किसानचे वर्षाला ६,००० येतात, नमो शेतकरीचे वेगळे. अमरावती विभागातल्या केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांना २०१५ पासून स्वस्त धान्य होतं, २०२३ पासून त्याऐवजी रोख आली. त्यांचं ते अनुदान, आपलं ते फुकट! अर्थात कापसाचा भाव त्यांच्याही हातात नाही, तेही सरकारच्या तोंडाकडं बघतात. फरक सातबाऱ्याचा. उद्या तुम्ही मक्त्यानं वावर केलंत, तरी राबाल तुम्ही आणि पीएम किसान जाईल मालकाला.

खरी पोटदुखी निराळी आहे. घरात महिन्याचं धान्य असलं की मालकाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घ्यावी लागत नाही. उचल नसली की कापूस वेचणीचा किलोमागचा दर पटला नाही तर उठून दुसऱ्याच्या वावरात जाता येतं. माझ्या हिशेबी कंट्रोलचं मोल गव्हा-तांदळापेक्षा यात जास्त आहे. "धान्य तर मिळतेच" म्हणून मजुरी पाडून मागणारेही भेटतील. त्यांच्याकडं मी तरी जात नाही.

नवं कार्ड काढायचं तर उत्पन्नाचा दाखला लागेल. खेड्यात प्राधान्य कार्डाची मर्यादा वर्षाला ४४,०००. तीनशे रुपये रोज धरला तर नवराबायको ७५ दिवस कामाला गेली की ती ओलांडली. संजय गांधी निराधार योजनेच्या मदतीला तर २१,०००. हे आकडे कोणत्या जमान्यातले, ते तलाठ्याला विचारून उपयोग नाही.

आणि कार्डाची ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, राहिली असेल तर वेचणीआधीच उरका. बोंडांच्या टोकांनी बोटं सोलवटली की मशीन अंगठा घेत नाही. आधारला चालू मोबाइल नंबरही जोडून ठेवा, म्हणजे अंगठा नडला तर ओटीपीवर काम होतं का, हे तरी विचारता येईल.