हिरडीतून रक्त येतंय? ब्रश तिथेच फिरवा

ब्रश करताना रक्त दिसलं की बहुतेक जण ती जागा टाळायला लागतात. करायचं असतं नेमकं उलट. मऊ ब्रशने निरोगी हिरडीतून रक्त येत नाही. येत असेल, तर बहुतेक वेळा हिरडीच्या कडेला प्लाक, म्हणजे जिवाणूंचा चिकट थर, साचून हिरडी सुजलेली असते. चूळ भरून तो निघत नाही, घासूनच काढावा लागतो. राहिला, तर लाळेतल्या क्षारांनी काही दिवसांतच त्याचं टणक कीटण होतं आणि मग ब्रशचं काही चालत नाही.

१९६५ साली डेन्मार्कमधल्या एका प्रयोगात १२ निरोगी माणसांनी दात घासणं बंद केलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या आणि पुन्हा घासायला लागल्यावर साधारण आठवड्याभरात बऱ्या झाल्या. इथवरचं नुकसान असं भरून निघतं. सूज खोलवर पसरून दाताभोवतीचं हाड झिजू लागलं की मात्र ते सहसा परत येत नाही, झीज फक्त थांबवता येते. दुखत नसल्यामुळे कळतही नाही. दंतवैद्य बारीक खुणांच्या सळईने हिरडी आणि दातामधली फट मोजतात: ३ मिलिमीटरपर्यंत ठीक, ४ किंवा जास्त असेल तर लक्ष द्यायला हवं.

ब्रश मऊच घ्या. केस हिरडीच्या कडेवर ४५ अंशांत टेकवा, अर्धे दातावर, अर्धे हिरडीवर. जागच्या जागी हलकेच थरथरवा, मग शेजारच्या दातांकडे सरका. दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटं. खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू हमखास राहून जाते आणि कीटणही तिथेच जास्त साचतं. तिथे ब्रश उभा धरा. जोर लावू नका, हिरडी मागे सरते.

दोन दातांमध्ये ब्रश पोचत नाही. तिथे रोज एकदा फ्लॉस: सुमारे ४५ सेंटिमीटर धागा, दाताला इंग्रजी ‘सी’सारखा बिलगवून वर-खाली. फटी मोठ्या असतील तर फटींसाठीचा छोटा ब्रश जास्त उपयोगी.

स्केलिंगने, म्हणजे दंतवैद्याने कीटण खरवडून काढल्याने, दात हलायला लागतात, हा समज चुकीचा. हाड आधीच झिजलेलं असतं, कीटणाने ते झाकलेलं असतं. कीटण निघाल्यावर फटी उघड्या पडतात, इतकंच.

सिगारेट ओढणाऱ्यांनी ‘रक्त येत नाही’ यावर विसंबू नये. धूम्रपानाने रक्तस्राव दबतो, आजार आतून वाढतच राहतो. मधुमेह असेल तर साखर आणि हिरड्या एकमेकींना बिघडवतात, दोन्हींकडे लक्ष हवं.

दोन आठवडे नीट घासूनही रक्त थांबलं नाही, तर दंतवैद्याकडे जा. दात हलत असेल किंवा हिरडीतून पू येत असेल, तर तेवढंही थांबू नका.